मोटारीच्या रंगावरील वॅक्स आणि सीलंट : पुण्यातील निवड व वापर

मोटारीच्या रंगावर हाताने चढवला जाणारा, पाणी आणि मळ धरू न देणारा पातळ थर म्हणजे वॅक्स किंवा सीलंट. थर नैसर्गिक मेणाचा असेल तर ते वॅक्स आणि कारखान्यात तयार केलेल्या पॉलिमरचा असेल तर सीलंट. दुकानात मात्र दोन्ही डब्यांवर सर्रास ‘वॅक्स’च छापलेले असते. ‘गाडीला पॉलिश मारली’ असे म्हणताना पुण्यात पुष्कळदा हाच थर अभिप्रेत असतो. वास्तविक पॉलिश वेगळे. त्यात अतिबारीक घासणारे कण असतात आणि ते रंगाचा वरचा अंश खरवडून पृष्ठभाग सपाट करते. पॉलिश काढून घेते, वॅक्स वर ठेवते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण काढून घेण्यासारखे फारसे नसतेच. पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे चार थर असतात. चौघांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून कमी. दर दिवाळीला रबिंग कंपाऊंड, म्हणजे पॉलिशचाच अधिक खरखरीत प्रकार, मारून घेतले की गाडी चार दिवस झळकते, पण क्लिअर कोट दर वेळी झिजतो. शेवटी टप आणि बॉनेट पांढुरके पडून पापुद्रे सुटू लागतात. त्यावर पुन्हा रंगकामाशिवाय उपाय नाही.

वॅक्सचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो किल्लीचा ओरखडा अडवत नाही की दुचाकीच्या हँडलचा धक्काही नाही. पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चिकटा आणि क्षारयुक्त पाणी थेट क्लिअर कोटला भिडू न देणे आणि धुताना मळ सहज सुटू देणे, एवढेच त्याचे काम.

पुण्यात रंग कशाने खराब होतो

एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उघड्यावर उभ्या काळ्या गाडीचे बॉनेट ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते. अशा पत्र्यावर पडलेली कबुतराची किंवा कावळ्याची विष्ठा तासाभरात वाळून आक्रसते. तिच्यातले आम्ल आणि तापून मऊ झालेला क्लिअर कोट एकत्र आले की कडेला सुरकुतलेला डाग उमटतो आणि तो धुऊन जात नाही. प्रभात रस्ता, औंध, कॅम्प अशा जुन्या झाडीच्या भागांत वर्षावृक्षाखाली उभ्या गाडीवर सकाळी बारीक चिकट ठिपके दिसतात. तो बहुतांशी किड्यांचा गोड चिकटा असतो. त्यावर धूळ बसते, आणि सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस ती कोरड्या फडक्याने ओढतो तेव्हा उन्हात दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा तयार होतात.

त्याहून दुर्लक्षित शत्रू म्हणजे पाणी. खडकवासला साखळीतल्या धरणांचे नळाचे पाणी सौम्य असते. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरांतले पाणी बेसॉल्ट खडकातून येते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक. ते गाडीवर वाळले की पांढरी वर्तुळे राहतात. गंमत अशी की चांगले वॅक्स लावलेल्या गाडीवर ही वर्तुळे जास्त ठळक उठतात, कारण पाणी थेंब होऊन एका जागी थांबते आणि सगळे क्षार तिथेच सोडते. म्हणून अशा क्षारयुक्त पाण्याच्या भागात वॅक्स लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच धुतल्यावर लगेच टिपणेही. भोसरी, चाकणसारख्या औद्योगिक भागात किंवा रेल्वेमार्गालगत गाडी उभी राहत असेल तर लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुततात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसतात.

प्रकार

कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढलेले मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. पण डब्यात शुद्ध कार्नौबा कधीच नसते. ते इतके टणक की विद्रावक आणि मऊ मेणे मिसळल्याशिवाय लावताच येत नाही. परिणामी उघड्यावरच्या गाडीवर हा थर पुण्याच्या उन्हाळ्यात महिना-दीड महिना टिकला तरी पुष्कळ. गडद रंगाला तो ओलसर, खोल चमक देतो; टिकाऊपणासाठी तो घेऊ नये.

कृत्रिम सीलंटमध्ये रंगाला धरून राहणारी सिलिकॉन पॉलिमरे असतात. उष्णता आणि शाम्पू ती अधिक सोसतात आणि नीट साफ केलेल्या पृष्ठभागावर तीन ते सहा महिने टिकतात. कार्नौबा आणि पॉलिमर यांची मिश्रणेही असतात. कॉलिनाइट कंपनीचे ८४५ हे त्यातले सुपरिचित. ‘सिरॅमिक’ लिहिलेले स्प्रे सिलिकायुक्त असतात. फवारा आणि पुसा, इतके ते सोपे. त्यांचा टिकाव दोन-तीन महिन्यांचा, पण आधीच्या सीलंटवर धुण्यानंतर मारायला फार उपयोगी. खरे सिरॅमिक कोटिंग काचेच्या लहान कुपीतून येते, वर्षानुवर्षे टिकते, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग आधीच्या पॉलिशिंगच्या मजुरीचा असतो. दोन्हींच्या नावातला शब्द एक असला तरी वस्तू एक नव्हेत.

किंमत पाहताना डब्याचा आकडा फसवतो. समजा, ६०० रुपयांच्या डब्यात दहा वेळा पुरेल इतके कार्नौबा आहे आणि ते महिनाभर टिकते. खर्च महिना ६० रुपये. १,५०० रुपयांचे सीलंट पंधरा वेळा पुरते आणि चार महिने टिकते. खर्च महिना २५ रुपये. शिवाय वर्षाला बाराऐवजी तीनच वेळा हात चालवायचा. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे सीलंटच. डबा घेताना ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘वॅक्स पॉलिश’ असे लिहिलेले असेल तर त्यात घासणारे कण असण्याची शक्यता धरावी आणि ते वारंवार वापरू नये.

लावण्याची पद्धत

सीलंट अल्पकाळात गेले अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा डब्याचा नसतो. खालचा पृष्ठभाग साफ नसतो. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. कपड्यांची पावडर वापरू नये. ती अल्कधर्मी असून जुना थर उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते. धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे बॉनेटवर फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून सँडपेपरसारखा खरखरीत लागतो. तसे असेल तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, वापरावा. शाम्पूचे पाणी भरपूर मारत, दाब न देता सरळ रेषेत फिरवावा आणि सतत घडी करून स्वच्छ बाजू वर आणावी. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यावा. पाण्याचे ताजे डाग पांढरे व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून पुसले तर निघतात; लगेच धुऊन टाकावे.

काम सावलीत, पत्रा हाताच्या पाठीला गार लागेल तेव्हाच. एप्रिलमध्ये याचा अर्थ सकाळी आठच्या आत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये. फोमच्या पॅडवर पाच रुपयांच्या नाण्याएवढे सीलंट घेऊन दोन बाय दोन फुटांच्या भागावर जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत पसरावे. लहान हॅचबॅकला २० ते ३० मिलिलिटर पुरते. जाड लावल्याने काही जास्त टिकत नाही. पुसताना जाते आणि पांढरे ओघळ राहतात. दहा-वीस मिनिटांनी बोट ओढून पाहावे: बोटाखालची रेघ स्वच्छ आणि चकचकीत उमटली तर पुसायला तयार, माखली तर थांबावे. पावसाळी दमट हवेत हा वेळ बराच लांबतो. ३०० ते ४०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) मायक्रोफायबर फडक्याने पुसून पुढचे १२ ते २४ तास गाडीला पाणी लागू देऊ नये. म्हणूनच मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचे ढग नसलेला दिवस पाहून पहिला हात मारावा आणि दुसरा पावसाळा संपल्यावर. बंपर आणि आरशाभोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप लावावी, नाहीतर पांढरट डाग महिनोन् महिने जात नाहीत. समोरच्या काचेवर सीलंट गेले तर वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश पसरतो.

दसऱ्याची पूजा

पूजेतल्या गोष्टींनीच रंगाचे नुकसान व्हावे याचे वाईट वाटते, पण थोडी काळजी घेतली तर ते टळते. धुळीने भरलेल्या बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढले की बोटाखालची धूळ त्याच आकारात ओरखडे पाडते, आणि पुढे कुंकू धुतले तरी स्वस्तिक तिरप्या उन्हात दिसत राहते. झेंडूच्या हारातली तार वाऱ्याने हलून जाळीभोवतीचा रंग खरडते. हार सुतळीचा घ्यावा आणि त्याच संध्याकाळी काढावा. कुंकवातला रंग आणि हळद दोन्ही पांढऱ्या गाडीत मुरतात. हळदीचा पिवळेपणा उन्हाने ओसरतो, कुंकवाचा लाल डाग चिवट असतो. दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी सीलंटचा हात दिलेला असेल तर दोन्ही साध्या शाम्पूने निघतात.

देखभाल आणि अपवाद

थर शिल्लक आहे का हे शाम्पूने धुतल्यावरच तपासावे. मळलेल्या थरावरही पाणी पसरते आणि वॅक्स गेल्याचा भास होतो. धुतल्यानंतरही टपावर पाणी थेंब न होता चादरीसारखे साचून राहिले, तर नवा हात द्यायची वेळ झाली. टप आणि बॉनेटवरचा थर दारांपेक्षा नेहमी आधी जातो; तेवढेच दोन भाग मधे एकदा लावून घेणे पैशांच्या आणि श्रमांच्या अशा दोन्ही दृष्टींनी योग्य. उन्हाळ्यातल्या पाणीकपातीत नळी लावून गाडी धुणे योग्य नाही. तेव्हा बादलीभर पाण्यात रिन्सलेस (नंतर पाण्याने धुवावा न लागणारा) शाम्पू आणि पाच-सहा ओली मायक्रोफायबर पुरतात.

शोरूममधून आलेल्या गाडीचा रंग कारखान्याच्या भट्टीत भाजलेला असतो, तिला पहिल्या आठवड्यातच सीलंट चालते. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग केलेल्या भागाला मात्र ३० ते ९० दिवस काहीही लावू नये; रंगातले विद्रावक अजून बाहेर पडत असतात. किती दिवस थांबायचे ते पेंटरलाच विचारावे, कारण ते त्याने वापरलेल्या क्लिअर कोटवर अवलंबून असते. मॅट रंगावर यातले काहीच लावू नये. चमकदार धब्बे पडतात.