गोऱ्या पलटणींचा खर्च (ब्रिटिश हिंदुस्थान)

साम्राज्याने वसाहतीत ठेवलेल्या फौजेचा खर्च कोणाच्या तिजोरीतून व्हावा, हा वाद ब्रिटिश साम्राज्याइतकाच जुना. अमेरिकेतल्या वसाहतींकडून हा खर्च काढण्यासाठी पार्लमेंटने १७६५ साली स्टँप कायदा केला. त्यातून उसळलेला तंटा पुढे स्वातंत्र्ययुद्धापर्यंत गेला. हिंदुस्थानात मात्र विसाव्या शतकाची तिशी उजाडेपर्यंत ठरलेले उत्तर एकच होते: हिंदुस्थानचा महसूल.

मराठी मुलखाला या व्यवहाराची ओळख ‘तैनाती फौज’ या नावाने झाली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे किमान सहा हजार पायदळ कायमचे ठेवून घेतले आणि त्याच्या खर्चापोटी सालिना २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पैसा पेशव्यांचा, हुकूम कंपनीचा. निजामाचेही तेच झाले. त्याच्या पैशावर ठेवलेल्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले, आणि १९०२ मध्ये सालिना २५ लाखांच्या कायम पट्ट्याने इंग्रज सरकारकडेच राहिले.

१८५७ नंतर सैन्यात गोऱ्यांचे प्रमाण वाढवण्यात आले. बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक आणि मद्रास-मुंबईकडे तिनांमागे एक गोरा, असा साधारण हिशेब धरला गेला. एक सोजीर, म्हणजे गोरा शिपाई, देशी शिपायाच्या कितीतरी पट महाग पडे. त्याच्या पगाराचा आणि बराकींचा खर्च हिंदुस्थानवर पडे हे उघडच होते. खरा वाद त्याच्या आधीच्या खर्चाचा होता. इंग्लंडमध्ये त्याची भरती होई, कवायत शिकवली जाई, त्याचेही पैसे लंडनचे युद्धखाते हिंदुस्थानकडून दरडोई वसूल करी. याला ‘कॅपिटेशन’ म्हणत. १८६० नंतरच्या दशकात हा दर माणशी १० पौंड होता, १८९० नंतर साडेसात पौंड झाला आणि १९०८ मध्ये ११ पौंड ८ शिलिंगांवर गेला. साडेसात म्हणजे सवलत वाटेल, पण रक्कम पौंडांत चुकवायची होती. रुपया दोन शिलिंगांचा असताना दहा पौंडांना शंभर रुपये पडत. १८९४-९५ मध्ये रुपया तेरा पेन्सांच्या आसपास घसरला, तेव्हा साडेसात पौंडांनाच एकशेपस्तीसहून अधिक रुपये मोजावे लागत. दर उतरला तरी भार चढला.

सोजीर मुंबईला बोटीतून उतरे, रेल्वेने देवळालीच्या छावणीत जाई आणि तिथून आपल्या पलटणीकडे. मुदत संपली की परत देवळाली, आणि मग बोटीची वाट पाहणे. या रिकाम्या दिवसांतूनच डोके फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणण्याची इंग्रजीतली रीत निघाली. येण्याजाण्याचे बोटभाडे हिंदुस्थानचे, आणि तो घरी गेल्यावर त्याच्या पेन्शनमधला इथल्या नोकरीच्या प्रमाणातला वाटाही हिंदुस्थानचाच.

सैन्य सरहद्दीबाहेर जाई तेव्हा हिशेब आणखी गमतीचा होई. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराच्या १८५८ च्या कायद्यातील ५५ व्या कलमाप्रमाणे, आक्रमण परतवणे किंवा तशीच तातडीची निकड सोडली तर, सरहद्दीपलीकडच्या मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्चता येत नसे. संमती मिळायला फारशी अडचण पडली नाही. १८६७-६८ च्या अॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेत सेनापती नेपियरच्या हाताखाली मुंबईचे सैन्य गेले. जादा खर्च ब्रिटनने सोसला, नेहमीचा पगार हिंदुस्थानने. युक्तिवाद असा, की बराकीत बसले असते तरी पगार द्यावाच लागला असता. लॉर्ड क्रॅनबर्न, म्हणजे पुढचे पंतप्रधान सॉल्झबरी, यांनी तेव्हाच बजावले होते की हिंदुस्थानला पूर्वेच्या समुद्रातली फुकटची इंग्रजी बराक समजू नये. (त्याच वर्षी लंडनमध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी इंडिया ऑफिसात झालेल्या नाचाच्या मेजवानीचा खर्चही हिंदुस्थानच्या खात्यावर पडला.) १८८२ मध्ये इजिप्तला फौज गेली तेव्हा व्हॉइसरॉय रिपनच्या सरकारने हरकत घेतली. ब्रिटनने अखेर पाच लाख पौंड दिले, बाकी भार हिंदुस्थानवर राहिला.

बराकीचा हा युक्तिवाद उलटाच लागू पडतो. एवढी पलटण समुद्रापार पाठवूनही इथले काही अडत नसेल, तर ती इथल्या गरजेपेक्षा जास्त आहे, आणि जास्तीचा खर्च ज्याच्या गरजेसाठी ती ठेवली त्याने द्यावा. हिंदी टीकाकारांचे म्हणणे थोडक्यात हेच होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी कमिशनवर दादाभाई नौरोजी सभासद होते. १८९७ मध्ये दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या साक्षी झाल्या. गोखल्यांनी तिशी नुकतीच गाठली होती. कर देणाऱ्याला खर्चावर बोलण्याचा अधिकारच नाही, या मुद्द्यावर त्यांचा भर होता. कमिशनच्या १९०० च्या अहवालाने सोजिरांच्या बोटभाड्याचा अर्धा आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या एडन बंदराच्या लष्करी खर्चाचा काही भाग ब्रिटनने उचलावा असे सुचवले. हाती पडली ती सवलत वर्षाला अडीच लाख पौंडांच्या आसपास.

गोऱ्या वसाहतींना वेगळा न्याय होता. अंतर्गत बंदोबस्त आपला आपण करावा, असा ठराव कॉमन्स सभेने १८६२ मध्ये केला आणि १८७०-७१ पर्यंत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या बहुतेक भागांतून फौजा काढून घेतल्या. ज्यांना खर्च नको त्यांच्याकडची फौज गेली. हिंदुस्थानला तो पर्याय कोणी विचारला नाही. सिंगापूरकडे सामुद्रधुनी वसाहतींवर लष्करी वर्गणी लादली, तेव्हा १८९५ मध्ये कायदेमंडळाच्या बिनसरकारी सभासदांनी राजीनामे दिले.

पहिल्या महायुद्धात सैन्याच्या खर्चाखेरीज हिंदुस्थानने आणखी दहा कोटी पौंड ‘भेट’ दिले. नंतरच्या काळात कॅपिटेशनचा तंटा लवादाकडे गेला आणि १९३३ मध्ये ब्रिटनने वर्षाला पंधरा लाख पौंड देण्याचे मान्य केले. हिंदुस्थानातले सैन्य साम्राज्याच्याही कामी येते, याची ही पहिली नियमित कबुली म्हणता येईल.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लंडन आणि दिल्लीत झालेल्या नोव्हेंबर १९३९ च्या कराराने पारडे फिरले. युद्धापूर्वीचा नेहमीचा खर्च, त्यावरची महागाई आणि निव्वळ हिंदुस्थानच्या रक्षणाचा खर्च दिल्लीने द्यायचा, उरलेला लंडनने. लंडनने तो रोख न देता खात्यावर जमा केला. नोटा मात्र इथे छापल्या गेल्या, त्यामुळे भाव चढले आणि युद्धकाळातला बोजा महागाईच्या रूपाने लोकांनी सोसला. युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानचे स्टर्लिंग येणे, म्हणजे ब्रिटनकडून पौंडांत यायची बाकी, सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचले होते. ते किती आणि कधी मोकळे करायचे, याच्या वाटाघाटी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिल्या.