डेंग्यूचे रक्तनिदान

एडिस डासांमार्फत पसरणाऱ्या डेंग्यूचे निदान रक्तातील विषाणूच्या घटकांवरून किंवा त्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांवरून केले जाते. मात्र कोणती चाचणी उपयोगी पडेल, हे ताप येऊन किती दिवस झाले यावर ठरते. त्यामुळे तापाचा दिवस न नोंदवता दिलेला अहवाल अर्धवटच म्हणावा लागतो.

पहिले साधारण पाच दिवस आरटी-पीसीआर या चाचणीने विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडतो आणि चारांपैकी कोणता उपप्रकार आहे तेही कळते. नित्याच्या व्यवहारात मात्र एनएस-१ हे विषाणूचे प्रतिजन (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात असा घटक) तपासतात. हे प्रथिन विषाणूच्या कणाचा भाग नसून बाधित पेशी ते रक्तात सोडतात. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या रुग्णात जुनी प्रतिपिंडे त्याला बांधून टाकत असल्याने चाचणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून तेवढ्यावरून डेंग्यू नाकारता येत नाही.

प्रतिपिंडांचे आयजीएम आणि आयजीजी हे दोन प्रकार तपासतात. आयजीएम प्रतिपिंडे चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि दोन-तीन महिने टिकतात. म्हणजेच सकारात्मक आयजीएम हे मागील महिन्यातील संसर्गाचेही चिन्ह असू शकते. झिका किंवा जपानी मेंदूज्वर यांसारख्या सगोत्र विषाणूंमुळेही ती चाचणी फसते. आयजीजी प्रतिपिंडे पहिल्या संसर्गात उशिरा व मंद गतीने, तर दुसऱ्या संसर्गात लवकर आणि झपाट्याने वाढतात.

भारताच्या कीटकजन्य रोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झटपट कार्ड चाचणीवरील निदान केवळ 'संभाव्य' मानले जाते आणि खात्रीसाठी एलायझा ही प्रयोगशाळेतील, रंगबदलावरून प्रतिजन किंवा प्रतिपिंड ओळखणारी पद्धत वापरली जाते. देशभरातील निवडक रुग्णालयांना लागणारे आयजीएम एलायझा संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते.

प्लेटलेटची संख्या हा लोकांच्या चर्चेचा सर्वांत मोठा विषय असला, तरी ते निदानचिन्ह नव्हे. मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही ती घटते. पांढऱ्या पेशी कमी होणे हे डेंग्यूचा संशय बळावणारे, पण तसेच अनिश्चित लक्षण आहे. आजाराची तीव्रता जोखण्यासाठी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या आकारमानाचे प्रमाण, अधिक मोलाचे ठरते. ताप उतरू लागतो त्या सुमारास रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरला, तर रक्त दाट होऊन हे प्रमाण वाढते. मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढ धोक्याची मानतात. येथे मूळ पातळी ठाऊक असणे महत्त्वाचे असते, कारण रक्तक्षय असलेल्या रुग्णात ३८ हा आकडा निर्धोक भासतो, परंतु पहिल्या दिवशी तो ३० असेल तर वाढ २५ टक्क्यांहून अधिक झालेली असते.