३३ प्रश्नांत सापडणारा माणूस

जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर गेली आहे. एवढ्या गर्दीतून नेमका एक माणूस हुडकायचा, तर हो-नाही उत्तराचे किती प्रश्न विचारावे लागतील? प्रत्येक उत्तराने उरलेली गर्दी निम्मी होते असे धरले, तर फक्त ३३. दोनाचा ३३ वा घात सुमारे ८५९ कोटी होतो, म्हणजे जगातल्या सगळ्यांना पुरून उरतो. अशा एका उत्तरात जेवढी माहिती असते तिला एक बिट म्हणतात. ‘आम्ही तुमचे नाव साठवत नाही’ असे एखादे अ‍ॅप सांगते तेव्हा ते बहुधा खरेच सांगत असते. पण ३३ बिट गोळा करायला नाव लागतेच कुठे?

सगळ्या प्रश्नांचे वजन सारखे नसते. स्त्री की पुरुष, एवढे कळले तर एक बिट मिळतो. सालासकट जन्मतारीख मात्र एका फटक्यात १५ च्या आसपास बिट देते, कारण ८० वर्षांत २९,२०० तारखा येतात. दोन्ही मिळून ५८,४०० कप्पे झाले. ज्या पिनकोडच्या हद्दीत वीस-पंचवीस हजार लोक राहतात, तिथली माणसे या कप्प्यांत टाकली तर बरेचसे कप्पे रिकामेच राहतात आणि बहुतेकांना स्वतःचा वेगळा कप्पा मिळतो. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून हाच हिशेब मांडला. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून तिथले ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता त्यांना दिसली.

त्याआधी त्यांनी एक प्रात्यक्षिकही करून दाखवले होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे खोडून, पण पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग तसेच ठेवून संशोधनासाठी दिल्या होत्या. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमधला फक्त एक. गव्हर्नरांचे दुखणेखुपणे हाती आले, आणि यात कुठेही कुलूप फोडावे लागले नाही.

फोनमुळे हे काम आणखी सोपे झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या हालचाली तपासल्या होत्या. ठिकाण फक्त जवळच्या टॉवरपुरते आणि वेळ तासापुरती, इतकी ढोबळ नोंद असूनही कोणतेही चार क्षण ९५ टक्के लोकांना वेगळे ओळखायला पुरे पडले. साहजिकच आहे. रात्री तुमच्या घराजवळ आणि दिवसा तुमच्या कामाच्या जागी असणारा फोन सहसा एकच असतो.

ब्राउझरची गोष्ट जरा निराळी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. ती तुमच्याच यंत्रावर ठेवलेली चिठ्ठी असल्याने पुसता तरी येते. ब्राउझरच्या ठशात पुसण्यासारखे काही नसतेच. पडद्याची मापे, बसवलेले फॉन्ट, भाषा, वेळेचा पट्टा या गोष्टी वेबसाइट सरळ विचारून घेते आणि उत्तरे स्वतःकडे जुळवते. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरचे असे ठसे घेतले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेव निघाले. म्हणजे ३३ पैकी किमान १८ बिट काहीही न लिहिता देऊन झाले. ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडल्याने यात फारसा फरक पडत नाही. ती मुख्यतः तुमच्या यंत्रावरच्या खुणा झाकते. काही ब्राउझरमध्ये वेबसाइटला बॅटरीची स्थितीही विचारता येते. किती टक्के उरली आणि ती किती सेकंद टिकेल, हे दोन आकडे थोडा वेळ ओळखचिन्ह म्हणून चालतात हे २०१५ मध्ये दाखवले गेले, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने ती सोयच काढून टाकली.

हे सगळे कशासाठी? पान उघडत असताना जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि तो डोळ्याचे पाते लवायच्या आत संपतो. बोली लावता यावी म्हणून अनेक कंपन्यांना तुमचे यंत्र, अंदाजे ठिकाण आणि पानाचा विषय कळवला जातो. जागा एकीलाच मिळते, माहिती मात्र हरलेल्यांच्याही हाती पडते. सगळ्या प्रकारात मला सर्वांत खटकते ती ही गोष्ट.

बचावाचा विचारही बिटांतच केलेला बरा. ब्राउझरला दहा चमत्कारिक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, बसवणारा माणूस कधीकधी त्यामुळेच उठून दिसतो. ओळख लपवण्यासाठीच बनवलेल्या टॉर ब्राउझरची युक्ती उलटी आहे: सगळ्यांनी एकसारखे दिसायचे. त्यासाठी तो पानाची मापेही ठरावीक पटींत बसवतो, म्हणून कडेला राखी पट्ट्या दिसतात. रोजच्या वापराला तो संथ वाटेल. मग सफारी किंवा फायरफॉक्स घ्यावा. दोन्ही दुसऱ्या वेबसाइटच्या कुकींना तुमचा माग काढू देत नाहीत. कुकींची परवानगी मागणाऱ्या चौकटींवर मात्र फार वेळ दवडू नये. ‘सर्व नाकारा’ दिसले तर दाबावे आणि पुढे जावे.

खरी काळजी जड आणि न बदलणाऱ्या बिटांची घ्यावी. ठिकाणाची परवानगी ‘अ‍ॅप वापरतानाच’ एवढीच द्यावी, आणि ‘अचूक ठिकाण’ नकाशासारखा अपवाद सोडला तर बंद ठेवावे. फोनचा जाहिरात-क्रमांक, म्हणजे जाहिरातदार ज्यावरून तुमचा फोन ओळखतात तो आकडा, अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये कायमचा काढता येतो. आयफोनमध्ये २०२१ पासून अ‍ॅपला त्यासाठी आधी विचारावे लागते. खरी जन्मतारीख कायद्याने लागेल तिथेच द्यावी.

ईमेलचा पत्ता तर सरळ ३३ च्या ३३ बिट. कंपन्या तो ‘हॅश’ करून, म्हणजे अगम्य अक्षरांच्या माळेत बदलून, एकमेकींशी ताडून पाहतात आणि त्याला सुरक्षित म्हणतात. पण एका पत्त्यापासून दरवेळी तीच माळ तयार होते, त्यामुळे जुळवणीला काही अडत नाही. पत्त्यात @ च्या आधी अधिकचे (+) चिन्ह आणि त्यापुढे एखादा शब्द घालून वेगळेपणा आणायची जुनी क्लृप्तीही चालेलच असे नाही, कारण चिन्हापुढचा भाग हॅशच्या आधीच छाटता येतो. त्यापेक्षा प्रत्येक खात्याला स्वतंत्र टोपणपत्ता, म्हणजे आलेली पत्रे तुमच्या खऱ्या पत्त्यावर पोचवणारा वेगळा पत्ता, देणारी सोय वापरावी. ती बऱ्याच ईमेल सेवांत मिळते. मोबाइल नंबरला मात्र असा सोपा पर्याय नाही, तेव्हा तो भरण्याआधी त्या रकान्यावर तारांकन आहे का, म्हणजे तो भरणे सक्तीचे आहे का, ते पाहून घ्यावे.