मानसिक आरोग्य घेतलं म्हणजे जन्मभर मेंटल हॉस्पिटल नव्हे

बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या पोरापोरींना यवतमाळ-वाशीमकडे हमखास ऐकवलं जातं, "एम.एस्सी.ला मानसिक आरोग्य घेशील तर जन्मभर नागपूरच्या मेंटल हॉस्पिटलातच राहशील." हे खरं नाही. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टरांसोबत मनोविकार परिचारिकेचीही जागा असते.

आणि गरज तर आपल्याच वॉर्डात आहे. फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी येतो, अ‍ॅट्रोपिन या विषावरच्या इंजेक्शनने जीव वाचतो, काही दिवसांत सुट्टी होते. पण मनात अजून तसं येतं का, हे विचारायला त्याच्याजवळ बसतं कोण? घरच्यांना बाजूला घेऊन फवारणीच्या औषधाचा उरलेला डबा कुलुपात ठेवायला सांगणं, पुढच्या आठवड्यात खबर घेणं, दारू अचानक सुटल्यावरची थरथर फिटच्या झटक्यापर्यंत जाण्याआधी ओळखणं, हे सगळं याच शाखेचं काम. माझ्या मते आपल्या भागात याहून निकडीची शाखा नाही.

मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, सामुदायिक आरोग्य आणि ही, सगळ्यांची एम.एस्सी. दोन वर्षांचीच. आयसीयूतच जीव रमत असेल, तर मात्र क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम बघा. तो वेगळा आहे, रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे रुग्णालयात काम करता करता शिकायचा.