'लॉग इन' आणि 'लॉगिन': मधल्या जागेचा प्रश्न

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नोटीस बोर्डावर इंग्रजी सूचना लागली: 'प्लीज लॉगिन टु पे मेंटेनन्स.' मी जाता जाता पेनाने 'लॉग' आणि 'इन'च्या मध्ये एक उभी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक अक्षरात उत्तर होतं: 'नुसत्या रेघा मारू नयेत. चूक काय ते लिहावे.' पुण्यात राहायचं तर लिहिणं भाग आहे.

इंग्रजीत 'लॉग इन' असं तोडून लिहिलं की ते क्रियापद, आणि 'लॉगिन' असं जोडून लिहिलं की नाम. सूचनेत लोकांना काहीतरी करायला सांगितलंय, म्हणून तिथे तोडूनच हवं. शंका आली तर वाक्य भूतकाळात न्या. 'आय लॉग्ड इन' असंच आपण म्हणतो, 'आय लॉगिन्ड' कुणाच्या तोंडी येत नाही. प्रत्यय 'लॉग'ला चिकटतो, 'इन' बाजूला उभा राहतो. 'सेट अप' आणि 'बॅक अप'चं तर आणखी सोपं: त्यांच्या मधोमध कर्म जाऊन बसतं. 'सेट इट अप', 'बॅक इट अप'. जोडशब्दात अशी घुसखोरी शक्य नाही. उलट 'अ बॅकअप', 'माय लॉगिन' असं पुढे काही लावता आलं, तर ते नाम. कान तयार असेल तर उच्चारातही कळतं: नामात जोर पहिल्या तुकड्यावर पडतो, क्रियापदात दुसऱ्यावर सरकतो.

आपल्याकडेही हे आहेच की. 'ऊठ, बस' या दोन आज्ञा झाल्या. 'त्यांच्याकडे आमची ऊठबस आहे' म्हटलं की एकच नाम, आणि त्यात कुणी उठतही नाही.

मग आपण चुकतो कुठे? माझ्या मते 'करणे'मुळे. मराठी माणूस इंग्रजी नाम उचलतो आणि पुढे 'करा' लावतो: फोन करा, बुकिंग करा, लॉगिन करा. क्रियेचं काम 'करा'कडे असल्याने मराठीत 'लॉगिन' जोडलेलं अगदी योग्य. मराठी पाटीवर 'येथे लॉगिन करा' असतं तर मी पेन काढलं नसतं. तीच सवय इंग्रजी लिहिताना हातात उतरते. त्यात देवनागरीत ग् आणि इ मिळून 'गि' होतो. फट मिटली की मिटली.

पण सगळा दोष आपला नाही. 29 ऑक्टोबर 1969 रोजी अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून, पहिला संदेश गेला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून 'लॉगिन' टाइप करायचं होतं. 'एल' आणि 'ओ' पोचले आणि पलीकडचा संगणक कोसळला. ती संगणकाला द्यायची आज्ञा होती, आणि अशी आज्ञा जोडूनच लागते. युनिक्स या संगणक-प्रणालीत 'लॉग इन' असं तोडून दिलंत, तर यंत्र 'लॉग' नावाचा प्रोग्राम शोधेल आणि 'इन' ही त्याला दिलेली माहिती समजेल. म्हणजे क्रियापद असूनही तिथे जोडणं सक्तीचं. हिंजवडीत दिवसभर अशा आज्ञा टाइप करणाऱ्याच्या बोटांना ती फट सापडत नाही, याचं मला नवल वाटत नाही.

'लॉग इन टु' की 'लॉग इनटु', यावर संपादकांतही एकमत नाही. मी 'टु' वेगळा ठेवतो, पण त्यासाठी पेन काढत नाही.

हे सगळं एका कागदावर लिहून बोर्डावर लावलं. परवा सुधारित सूचना आली: 'प्लीज लॉग इन टु पे मेंटेनन्स.' उत्तम. खालची ओळ: 'कलेक्ट युअर लॉग इन आयडी फ्रॉम द ऑफिस.' इथे नाम होतं, आधी जोडलेलंच होतं, आता माझ्यामुळे तुटलं. दोन तुकड्यांवर प्रूफवाले काढतात तशी जोडणीची कमान काढून आलो.