थँक्सगिव्हिंगची पुस्तकं आणि १८४१ ची एक तळटीप

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणावर अमेरिकेत सतत नवी पुस्तकं येत असतात. लहान मुलांची चित्रपुस्तकं, पाककृतींचे संग्रह, जाडजूड इतिहास, सगळंच. यातल्या बहुतेकांचा डोलारा १६२१ च्या शरदातल्या ज्या मेजवानीवर उभा आहे, तिचं प्रत्यक्षदर्शी वर्णन एका पत्रातल्या एका परिच्छेदात संपतं. आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीतल्या एका पुढाऱ्याने ते पत्र त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडमधल्या मित्राला लिहिलं आणि १६२२ मध्ये लंडनला निघालेल्या ‘मोर्ट्स रिलेशन’ या पुस्तिकेत ते छापून आलं. पीक घरात आल्यावर गव्हर्नरने चार माणसं पक्षी मारायला पाठवली. त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील एवढे पक्षी आणले. बंदुकांच्या कवायती झाल्या. वाम्पानोआग या तिथल्या मूलनिवासींचा मुख्य राजा सुमारे ९० माणसांसह आला, तीन दिवस त्यांचा पाहुणचार झाला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणून दिली. बस्स. टर्की पक्ष्याचं नाव नाही, भोपळ्याच्या ‘पाय’ या गोड पदार्थाचा पत्ता नाही आणि देवाचे आभार मानण्यासाठी खास दिवस पाळला, असंही कुठे म्हटलेलं नाही.

पुढची दोनशे वर्षं या परिच्छेदाकडे कोणी फारसं पाहिलं नाही. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, गव्हर्नर दर शरदात आभाराचा दिवस जाहीर करत, लोक चर्चला जात, घरी जेवणावळी होत. त्यासाठी प्लिमथच्या गोष्टीची गरज कोणालाच पडली नव्हती. मूळ पुस्तिका तर इतकी दुर्मिळ झाली होती की तिची पूर्ण प्रत १८२० च्या सुमारास फिलाडेल्फियात सापडली, तेव्हा ती बातमी ठरली. १८४१ मध्ये बोस्टनच्या एका धर्मोपदेशकाने जुन्या कागदपत्रांचा संग्रह छापला आणि मेजवानीच्या त्या परिच्छेदाखाली तळटीप दिली: हा पहिला थँक्सगिव्हिंग, न्यू इंग्लंडचा सुगीचा सण. हरणाच्या मांसाबरोबर त्यांनी रानटी टर्कीही निःसंशय खाल्ली असणार, असंही त्याने त्यात जोडलं. पुरावा नसतानाचं ते ‘निःसंशय’ पुढे शेकडो पुस्तकांत बिनदिक्कत उतरलं.

टर्कीला आधार मिळाला तो नंतर, आणि तोही आडवळणाने. वसाहतीच्या गव्हर्नरने लिहिलेल्या इतिहासाचं हस्तलिखित स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बोस्टनमधून गायब झालं होतं. ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडलं आणि १८५६ मध्ये प्रथमच पूर्ण छापलं गेलं. त्या शरदात रानटी टर्की मुबलक होत्या, असं त्यात आहे. पण मेजवानीचा उल्लेखच नाही. एका कागदातली मेजवानी आणि दुसऱ्यातली टर्की एकत्र शिवून जे ताट तयार झालं, तेच मुलांच्या पुस्तकांत आलं.

तळटीपेतलं ‘पहिला’ हे विशेषण मात्र खरं भांडणाचं मूळ आहे. त्या काळच्या कडव्या प्रॉटेस्टंटांसाठी आभाराचा दिवस म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना आणि प्रवचन. खेळ, कवायती आणि तीन दिवसांची खाणीपिणी त्यात बसत नव्हती. त्या हिशेबाने प्लिमथचा पहिला आभारदिन १६२३ चा ठरतो. दुष्काळात पाऊस पडला म्हणून तो पाळला गेला होता. केवळ प्रार्थना मोजायची, तर फ्लोरिडातले स्पॅनिश १५६५ मध्येच पुढे आहेत. व्हर्जिनियाचा दावा आणखी चिवट. बर्कली वसाहतीला दिलेल्या लेखी सूचनेत जहाज पोहोचल्याचा दिवस दरवर्षी आभाराचा दिवस म्हणून पाळावा, असं स्पष्ट लिहिलं होतं आणि ते लोक १६१९ च्या डिसेंबरात उतरले. १९६२ मध्ये मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या असलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी सणाच्या घोषणेत फक्त आपल्याच राज्याचं नाव घेतलं, तेव्हा व्हर्जिनियाच्या एका राज्य सिनेटरने तारेने निषेध कळवला. व्हाइट हाउसने न्यू इंग्लंडच्या पक्षपाताची कबुली देऊन चूक मान्य केली आणि पुढच्या वर्षी दोन्ही राज्यांची नावं आली, व्हर्जिनियाचं आधी. दाव्यांचा निकाल काहीही लागो, पुस्तकांच्या बाजारात प्लिमथच जिंकलं. त्याचं कारण पुरावा कमी आणि १९ व्या शतकातले बोस्टनचे छापखाने व शाळा जास्त, असं मला वाटतं.

सण राष्ट्रीय कसा झाला, त्याचा प्लिमथशी संबंध थोडाच आहे. न्यू हॅम्पशायरच्या एका लेखिकेने १८२७ च्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आख्खं प्रकरण दिलं होतं. टेबलाच्या अग्रभागी भाजलेली टर्की, शेवटी भोपळ्याचा ‘पाय’. हीच बाई पुढे देशातल्या एका गाजलेल्या स्त्री-मासिकाची संपादक झाली आणि तिने राष्ट्रीय सुट्टीसाठी वर्षानुवर्षं अग्रलेख आणि पत्रं लिहिली. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना हे प्रकरण गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकांचं वाटे. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने १८५६ मध्ये त्याची नाटकी थोतांड म्हणून संभावना केली. तिने सप्टेंबर १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, त्यानंतर आठवड्याच्या आतच घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. यादवी युद्धातल्या त्या मजकुरात प्लिमथचं अवाक्षर नाही.

प्लिमथची गोष्ट सणाला घट्ट चिकटली ती १९ व्या शतकाच्या अखेरीस. १८८९ च्या एका कादंबरीने मेजवानी मीठमसाला लावून रंगवली. युरोपातून आलेल्या मुलांना ‘अमेरिकन’ बनवायला शाळांना नेमकी अशीच गोष्ट हवी होती. चित्रांत वाम्पानोआगांच्या डोक्यावर मैदानी प्रदेशातल्या जमातींचे पिसांचे मुकुट आले. काय गाळलं गेलं, तेही पाहायला हवं. १६१६ ते १६१९ च्या साथीत तो किनारा ओस पडला होता. वसाहतीच्या मूलनिवासी दुभाष्याला १६१४ मध्येच पळवून स्पेनमध्ये नेलं होतं. आणि १६७६ मध्ये मेजवानीला आलेल्या राजाच्याच मुलाचं शीर प्लिमथमध्ये खांबावर टांगलं गेलं. ते तिथे अनेक वर्षं होतं.

सणाचा गुरुवार १९३९ मध्ये दुकानदारांच्या सोयीसाठी आठवडाभर अलीकडे आणला गेला. निम्मी राज्यं ऐकेनात आणि दोन वर्षांनी कायद्याने चौथा गुरुवार ठरला, इतकं इथे पुरे.

मोठा फरक पडला तो १९७० नंतर. प्लिमथच्या ३५० व्या वर्धापनदिनी बोलायला बोलावलेल्या एका वाम्पानोआग वक्त्याचं भाषण आयोजकांनी आधी वाचलं आणि नाकारलं. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला त्याने आणि इतर मूलनिवासींनी प्लिमथच्या टेकडीवर शोकदिन पाळला. तो आजतागायत दरवर्षी पाळला जातो. २००१ मध्ये प्लिमथच्याच संग्रहालयाबरोबर निघालेल्या मुलांच्या पुस्तकात मेजवानीची छायाचित्रं नव्याने, वाम्पानोआगांच्या सहभागाने काढलेली होती आणि एक लेखिका अबेनाकी या मूलनिवासी वंशाची होती. २०२२ च्या एका चित्रपुस्तकाचे तिन्ही लेखक मूलनिवासी आहेत. त्यात नव्या पाहुण्यांना जगवण्याच्या गोष्टीत मका हेच महत्त्वाचं पात्र आहे.