नागरी अन्नव्यवस्थेसाठी लोकपुढाकार (मराठवाडा)

शहरातल्या प्रत्येकाला परवडणारे आणि सकस अन्न मिळावे, ते पिकवणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या पदरात रास्त मोबदला पडावा आणि या व्यवहारात जमीन व पाणी संपून जाऊ नये, यासाठी नागरिक, पथविक्रेते, शेतकरी गट आणि महिला बचत गट संघटितपणे करत असलेली मागणी व तिचा पाठपुरावा. निवेदने, वॉर्डातल्या बैठका, माहिती अधिकाराचे अर्ज, मोर्चे, न्यायालयीन याचिका आणि स्वतः उभे केलेले बाजार अशी त्याची अनेक रूपे आहेत.

जगात या विचाराला संस्थेचे रूप 1980 नंतर आले. अमेरिकेतील नॉक्सव्हिल शहरात 1982 मध्ये अन्नधोरण परिषद स्थापन झाली. ब्राझीलमधील बेलो ओरिझोंची शहराने 1993 पासून अन्न हा नागरिकाचा हक्क मानून स्वस्त भोजनगृहे व शेतकऱ्यांची थेट विक्री सुरू केली. पुढे 15 ऑक्टोबर 2015 रोजी अनेक देशांतील महापौरांनी इटलीतील मिलान येथे नागरी अन्नधोरणाच्या करारावर सह्या केल्या. भारतात याच मागणीचा पाया 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अन्न अधिकार याचिकेने घातला.

मराठवाड्यातील शहरांची नाळ शेतीशी अजून जुळलेली आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर व धाराशिव भागातील बाजारपेठा ओस पडतात. घरेच्या घरे भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे घेऊन शेतात जातात. ज्यांना शेत नाही त्यांनाही कोणाचे तरी आवतण असते. अशा प्रदेशात शहराच्या ताटाचा प्रश्न कोरडवाहू शेतीपासून वेगळा काढता येत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत ते सुमारे 5 लाख लिटर होते. तेव्हा शिवारात कोणते पीक घ्यायचे आणि शहराच्या नळाला पाणी येणार का, हे दोन प्रश्न मुळात एकच असल्याचे सर्वांना दिसले. पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यात उसाला किती पाणी द्यावे, हा वादही त्यामुळे शहरवासीयांच्या दारात आला.

या कामातली खरी अडचण अशी की अन्नासाठी महापालिकेत एक दार नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायचे 18 विषय आहेत. त्यांत कत्तलखाने आहेत, पण अन्नपुरवठा नाही. रेशन पुरवठा विभागाकडे, घाऊक बाजार कृषी उत्पन्न बाजार समितीकडे, हातगाडीवाल्याशी गाठ महापालिकेच्या अतिक्रमण हटाव पथकाची, भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, अंगणवाडीचा आहार महिला व बालविकास खात्याकडे. एका वस्तीची भूक पाच कार्यालयांत वाटली गेलेली असते आणि तिचे धागे जोडण्याचे काम लोकांच्या संघटनांनाच करावे लागते. लोकपुढाकाराचे मोल यातच आहे.

बाजार हे त्याचे सर्वांत जुने क्षेत्र. छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) छावणीचा गुरुवारचा, चिकलठाण्याचा शुक्रवारचा आणि जाफरगेटचा रविवारचा बाजार हे कष्टकरी कुटुंबांचे आधार आहेत. दिवे लागणीनंतर भाव उतरतात, तेव्हा रोजंदारीवरून परतलेल्या बाया चुका, शेपू, अंबाडी, तांदुळजा यांच्या जुड्या घेतात. आठवड्याचे माळवे त्याच पिशवीत बसते. घाऊक बाजारात, मोंढ्यात किंवा भाजीच्या हर्राशीत (लिलावात), शेतकऱ्याच्या हाती शेवटी येते ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. तीवर हमाली व तोलाई कापलेली असते; पूर्वी अडत, म्हणजे अडत्याची दलालीही, कापली जाई. महाराष्ट्र शासनाने जुलै 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, म्हणजे तेथील विक्री समितीच्या नियंत्रणातून सोडवली, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. त्याच काळात राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांचे अभियान सुरू झाले. मात्र थेट विक्रीला परवानगी मिळाली तरी बसायला जागा कोण देणार, हा प्रश्न उरतो. टाळेबंदीत, 2020 मध्ये, आठवडी बाजार बंद झाले तेव्हा शेतकरी गटांनी सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजी पोचवली. वस्त्यांमधल्या गिऱ्हाइकाला मात्र हातगाडीवाल्याचाच आसरा होता.

त्या हातगाडीवाल्याचे संरक्षण 2014 च्या पथविक्रेता अधिनियमात आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. विक्रेत्यांच्या संघटनांचा बराच वेळ ही समिती कागदावरून बैठकीत आणण्यात जातो. हातगाडी उचलली गेली तर नुकसान एका विक्रेत्याचेच होत नाही; त्या गल्लीतील म्हाताऱ्या माणसाची दहा रुपयांची भाजीही जाते.

रेशनच्या, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीत ‘कंट्रोल’च्या, धान्याचा लढा अधिक चिवट आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. राज्याच्या शहरी भागात या कायद्याची मर्यादा 45.34 टक्के लोकसंख्येची आहे आणि आकडा 2011 च्या जनगणनेवर बांधलेला आहे. त्यानंतर दुष्काळात गाव सोडून शहराच्या कडेला पत्रे ठोकून राहिलेल्या कुटुंबांना ‘इष्टांक संपला’, म्हणजे ठरलेली लाभार्थीसंख्या भरली, हे उत्तर ऐकावे लागते. ज्याची बोटे विटा वाहून झिजली, त्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. अशा वेळी सोबत जाऊन अर्ज भरणारी, पावती मागणारी, रेशनवर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीपुढे प्रश्न मांडणारी वस्तीतील बाई हीच या चळवळीची कार्यकर्ती असते. कायद्यात सामाजिक अंकेक्षणाचीही, म्हणजे लोकांनी करायच्या तपासणीचीही, तरतूद आहे, पण ती आपोआप अमलात येत नाही.

कंट्रोलात गहू-तांदळाबरोबर ज्वारी मिळावी, ही मागणी मराठवाड्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. खरिपातील ज्वारीची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली. भाकरीचे पीठ शहरात महाग झाले आणि कडबा घटल्याने दुधाचा खर्च वाढला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण 2018 मध्ये आले. म्हणजे बियाणे आहे, खाणारे आहेत. उणीव पुरेशा सरकारी खरेदीची आहे. कायद्यातही भरड धान्याला मज्जाव नाही.

पिकवण्याच्या बाजूने सर्वांत ठळक काम महिलांचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात रुजलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे ‘एक एकर’ शेतीची पद्धत पसरवली. घरच्या जमिनीपैकी साधारण एक एकर बाई स्वतःच्या निर्णयाने कसते, तीत भाजी, कडधान्य, भरडधान्य कमी पाण्यावर घेते. आधी घर खाते, उरलेले बाजारात जाते. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. नवऱ्याकडून तो एकर मिळवणे ही घराच्या उंबरठ्याआत लढलेली हक्काची लढाईच म्हटली पाहिजे.

तयार अन्न वाटण्याची परंपराही येथे बळकट आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर जात-धर्म विचारत नाही. औरंगाबादेत 2015 च्या अखेरीस सुरू झालेल्या रोटी बँकेत सभासद घरी केलेल्या ताज्या पोळ्या व भाजी जमा करीत आणि गरजू ती सन्मानाने नेत. शासनाची 10 रुपयांची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 पासून आली. दान व योजना यांनी आजची भूक भागते; हक्क मागणाऱ्या संघटना उद्याच्या पुरवठ्याची हमी मागतात.

कचऱ्याचा प्रश्न या विषयात उशिरा आला. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव येथील कचरा डेपोच्या परिसरातील गावकऱ्यांनी औरंगाबादच्या कचरागाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले. मंडईतील पालापाचोळा व घरातील ओला कचरा जागीच कुजवून खत करण्याची मागणी तेव्हापासून जोर धरू लागली.

अलीकडे कार्यकर्ते विकास आराखड्याकडे वळले आहेत. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. भाजी मंडई, आठवडी बाजार व विक्रेता क्षेत्रासाठी जागा मागण्याची ती वेळ असते. नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार आरक्षित जमीन 10 वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. त्यामुळे वॉर्डातील मंडईच्या आरक्षणाची तारीख लक्षात ठेवून महापालिकेकडे संपादनासाठी निधीची मागणी वेळेआधी लावून धरावी लागते.